नसलेलं दिसू-ऐकू येतं तेव्हा

मलकापुरातून एक रस्ता कोल्हापूरकडं जातो आणि दुसरा आंबा घाट उतरून रत्नागिरीला. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे आणि तिथं मानसोपचार विभाग आहे. रत्नागिरीत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. बाकीची तीन येरवडा, ठाणे आणि नागपूरला. खुद्द मलकापुरात ग्रामीण रुग्णालय आहे. एवढं सगळं एका सरळ रस्त्यावर असूनही शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर कुणाला नसलेलं दिसू लागलं, कानात कुणी बोलू लागलं, की घरची माणसं बऱ्याचदा आधी देवरुषाची वाट धरतात. अंगारा लागतो, उतारा टाकला जातो, करणी कुणी केली याचा शोध भाऊबंदकीत सुरू होतो. त्यात आठवडे जातात, कधी वर्षं. कोकणात भगत असतो, तिकडं मराठवाड्यात मांत्रिक. नाव बदलतं, वाया जाणारा वेळ तोच. तो वाचावा म्हणून हे लिहिलं आहे.

भास होतो तेव्हा बऱ्याचदा मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण ढळलेलं असतं. ते कशामुळं ढळलं याचा सगळ्यात चांगला सुगावा लागतो तो काळावरून. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेलं माणूस आज पहाटे भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागलं, तर शरीरात काहीतरी मोठं बिघडलंय आणि हातात तास आहेत. सहा महिन्यांपासून हळूहळू एकलकोंडा होत गेलेला मुलगा आता कोपऱ्यात बसून कुणाशी तरी पुटपुटतोय, तर तो आजार वेगळा आणि त्याचा डॉक्टरही वेगळा. म्हणून दवाखान्यात विचारलं जाण्याआधी घरातच एकमेकांना विचारा: हे नेमकं कधी सुरू झालं? वार आठवतो का? त्याच्या आदल्या आठवड्यात काय बदललं होतं?

आपण जग आहे तसंच पाहतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात डोळ्या-कानांतून मेंदूला मिळणारी माहिती तुटक असते आणि मधल्या जागा मेंदू आजवरच्या अनुभवावरून भरून काढतो. दोरीवर दिसणारा साप हा आपल्या वेदान्त्यांचा जुना दाखला आहे. पण तिथं निदान दोरी असते, दिवा आणला की साप जातो. भासात दोरीही नसते आणि दिवा लावूनही साप हलत नाही, कारण तो मेंदूच्या आतच तयार झालेला असतो. मेंदूतल्या अब्जावधी पेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. डोपामिन, सिरोटोनिन, ॲसिटिलकोलिन, ग्लुटामेट, गाबा ही त्यांतली काही. कुठला संदेश पुढं सोडायचा, कुठला दाबायचा, कशाकडं लक्ष द्यायचं, हे त्यांच्या प्रमाणावर ठरतं. प्रमाण ढळलं की मेंदूला स्वतःचाच अंदाज पुराव्याविना खरा वाटू लागतो. आवाज ऐकणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचं स्कॅन केलं तेव्हा बोलण्या-ऐकण्याचे भाग खरोखर कामाला लागलेले दिसले. त्यामुळं ‘तुला उगीच वाटतंय’ हे वाक्य त्याच्या पचनी पडत नाही. त्याला ऐकू आलेलंच असतं.

निरोगी मेंदूही हे रोज रात्री करतो. ज्या झोपेत आपण स्वप्नं पाहतो तिच्यात सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन जवळपास गप्प असतात, ॲसिटिलकोलिनचा जोर असतो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागं राहतात. मग छातीवर कुणी बसलंय, दारात काळं काहीतरी उभं आहे, ओरडायचंय पण आवाज फुटत नाही, असा मिनिटभराचा प्रकार होतो. याला औषध लागत नाही. झोपेच्या वेळा सांभाळल्या, उताणं न झोपता कुशीवर झोपलं, की बहुधा तो कमी होतो. आपल्या भागात शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात माणसं उसाला पाणी पाजायला रात्र-रात्र जागतात. रानाकडेची माणसं गव्यांपासून भात राखत बसतात. अशा माणसाला पहाटे बांधावर कुणी उभं दिसलं, कुणी नावानं हाक मारली, ओळखीच्याच रानात चकवा लागला, तर आधी त्याची झोप किती झालीय ते विचारा. लागोपाठ जागलेला मेंदू उघड्या डोळ्यांनी झोपेचे तुकडे घेतो. दोन-तीन रात्री पुरेशी झोप मिळूनही तेच होत राहिलं, तर मात्र दाखवा.

म्हातारपणीच्या दोन गोष्टी इथंच सांगून टाकायला हव्यात, कारण त्यांची भीती विनाकारण बाळगली जाते. जोडीदार गेल्यावर त्याचा आवाज, त्याची चाहूल, कधी तो स्वतः दिसणं हे फार जणांना होतं. वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरांनी १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ माणसांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना असा अनुभव आला होता आणि बहुतेकांनी तो कुणाला सांगितलेलाही नव्हता. आजीला ओसरीवर आजोबांचं खाकरणं ऐकू आलं, तर शांत घालायला धावू नका. तिच्याजवळ बसा, आजोबांबद्दल बोलू द्या. दुसरी गोष्ट अधू नजरेची. मोतीबिंदूनं किंवा डोळ्याच्या पडद्याच्या आजारानं दिसेनासं झालेल्या माणसाला कधी कधी रंगीत नक्षी, लहान मुलं, अनोळखी चेहरे दिसतात. ती चित्रं मुकी असतात आणि ती खरी नाहीत हे त्या माणसाला ठाऊक असतं. शार्ल बॉने या स्विस अभ्यासकानं १७६० साली आपल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला, म्हणून त्याच्या नावानं हा प्रकार ओळखला जातो. डोळ्यांकडून येणारे संदेश आटले की मेंदू स्वतःच चित्रं काढू लागतो. इथं गाठायचा तो नेत्रतज्ज्ञ.

आता तासांत आणि दिवसांत सुरू होणारे भास. यांत माणूस दगावू शकतो, म्हणून जरा बारकाईनं पाहू.

पहिलं दारूचं. दारू मेंदूतल्या गाबाचं, म्हणजे शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं, म्हणजे चेतवणाऱ्या रसायनाचं काम दाबते. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू उलट बाजूनं जोर लावून तोल सांभाळायला शिकतो. मग एके दिवशी दारू अचानक बंद होते. चढावर भरल्या गाडीला खांदा देऊन ओढणाऱ्या बैलांचं जू एकाएकी सुटावं आणि ते पुढं कोलमडावेत, तसं मेंदूचं होतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान अंगावर मुंग्या चढतात, कोपऱ्यात उंदीर, आढ्याला साप दिसतात. माणूस हवेतलं काहीतरी चिमटीत पकडायला बघतो, गोधडी चाचपत राहतो. दिवस की रात्र त्याला सांगता येत नाही, नाडी धावते, ताप चढतो.

आपल्याकडं हे घडतं ते श्रावण लागल्यावर. माळ घातल्यावर. आईनं शपथ घातल्यावर. आणि हात-पाय मोडून किंवा ऑपरेशनसाठी माणूस दवाखान्यात भरती झाल्यावर, कारण तिथं दारू मिळत नाही आणि हा रोज किती पितो हे लाजेपोटी कुणी डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. माळ घातल्याच्या तिसऱ्या रात्री साप दिसू लागले की देवाचं काहीतरी चुकलं असा अर्थ लावला जातो. ज्या निश्चयाचं कौतुक व्हायला हवं त्यालाच दोष लागतो. माझं कळकळीचं सांगणं असं की सकाळी उठल्या उठल्या हाताचा कंप थांबवायला ज्याला घोट लागतो, अशा माणसाला घरी एकदम दारू सोडायला लावू नका. श्रावणाच्या आधी आठवडाभर त्याला डॉक्टरांकडं न्या. काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करत आणायची, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यायचं, हा ठरलेला उपचार आहे. थायमिन फार महत्त्वाचं. ते कमी पडलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, आणि अशा रुग्णाला ते न देताच नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर धोका वाढतो. भरती करताना एवढंच सांगा: रोज पितो, इतकी पितो, शेवटची अमक्या दिवशी घेतली. त्या एका वाक्यानं जीव वाचतो. पुढं दारूपासून दूर राहण्यासाठी साताऱ्याचं परिवर्तन, पुण्याचं १९८६ पासूनचं मुक्तांगण अशी केंद्रं आहेत, पण ती पुढची पायरी.

दुसरं धोतऱ्याचं. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी हे झाड सगळ्यांनी पाहिलंय. फूल महादेवाला वाहतात. काटेरी बोंडात मिरचीच्या बियांसारख्या चपट्या बिया असतात. पोरं खेळता खेळता त्या तोंडात टाकतात, दम्यावर कुणी वाळल्या पानांचा धूर घेतो, महाशिवरात्रीला कुणीतरी भांगेत घालतं. धोतऱ्यातली द्रव्यं ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात. तोंड सुकतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग लाल आणि गरम लागतं, लघवी अडते आणि माणूस समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागतो, कपड्यांतले दोरे ओढू लागतो. अशा वेळी ताक, लिंबू, मिठाचं पाणी यांत वेळ घालवू नका, ओकारी काढायचा खटाटोप करू नका. झाडाची पानं किंवा बोंड पिशवीत घेऊन थेट रुग्णालय गाठा. बरा झाल्यावर बहुतेकांना यातलं फारसं काही आठवत नाही.

याच द्रव्यांपैकी एक औषध म्हणूनही वापरलं जातं, आणि ते शेतकऱ्याच्या घरी माहीत असायलाच हवं. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा झाली की शरीरात ॲसिटिलकोलिन साचतं. लाळ आणि घाम वाहतो, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, छाती भरते. त्यावर उतारा ॲट्रोपिनचा. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टरांना ते वाढवत न्यावं लागतं आणि कधी त्याचा अंमल गरजेपेक्षा थोडा जास्त होतो. मग वॉर्डातला रुग्ण रात्री हवेतले धागे वेचू लागतो, नळ्या ओढतो, मेलेल्या चुलत्याला हाका मारतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, विषासोबत आणखी काहीतरी लागलंय. ते रातोरात अंगारा घेऊन येतात. अंगारा कपाळाला लावा हवा तर, पण तोंडात घालू नका. रुग्ण धड गिळण्याच्या स्थितीत नसतो, तो श्वासात जाईल. परिचारिकेला लगेच बोलवा आणि काय चाललंय ते दाखवा. औषधाचं प्रमाण बदललं की हे भास ओसरतात.

तिसरा गट घरातल्या वयस्करांचा. काल नातवाला शाळेत पोचवणारे आजोबा आज संध्याकाळी ‘अंगणात वरात आलीय’ म्हणू लागले, तर ते म्हातारचळ नव्हे. रक्तातलं सोडियम उतरलं असेल. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना मीठही तोडलं की असं होतं. साखर खाली गेली असेल. लघवीत जंतुसंसर्ग असेल, आणि म्हातारपणी त्यात ताप येईलच असं नाही. न्यूमोनिया, टायफॉइडमध्येही माणूस बरळतो. किंवा गेल्या चार दिवसांत एखादी नवी गोळी सुरू झाली असेल: झोपेची, सर्दीची, पोटातल्या कळेची, स्टेरॉइडची. यांतल्या कित्येक जुन्या पठडीतल्या गोळ्या धोतऱ्यासारख्याच ॲसिटिलकोलिनच्या आड येतात, आणि म्हाताऱ्या मेंदूला ते सोसत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला लिव्होडोपा हे औषध दिलेलं असतं, जे मेंदूत डोपामिन बनतं. तिथं डोपामिनचं पारडं जड झालं की मांजरं, मुलं, कोपऱ्यातली माणसं दिसतात. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण अचानक बंद करण्यात वेगळा धोका आहे. डॉक्टर प्रमाण जुळवतात.

या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. माणूस घटकेत बरा, घटकेत बिघडलेला असतो. वार, जागा, समोरचं माणूस ओळखता येत नाही. आवाजांपेक्षा दृश्यं जास्त असतात आणि रात्र पडली की सगळं वाढतं. असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं आधी ग्रामीण रुग्णालय. रक्ता-लघवीच्या साध्या तपासण्यांतून उत्तर निघण्याची शक्यता इथं खूप असते.

बाळंतिणीचं मात्र वेगळं सांगायला हवं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हजारात एक-दोन स्त्रियांना तीव्र मानसिक आजार होतो. हार्मोन झपाट्यानं उतरतात, झोप तुटते, आणि पाचवी होते न होते तोच ती बोलेनाशी होते किंवा अखंड बोलू लागते. बाळ आपलं नाही, बाळावर कुणाचीतरी छाया आहे, असं तिला वाटतं. कुणीतरी तसं कानात सांगतं. सासर-माहेर दोन्हीकडं सटवाईचं आणि बाहेरच्या बाधेचं बोललं जातं, खोलीत धूर वाढतो. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी सीपीआरला न्या. हा आजार उपचारांनी चांगला बरा होतो. उशीर केला तर बाळाच्या आणि आईच्या जिवावर बेततं.

महिन्या-महिन्यांनी उमलत येणारा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. बहुधा तो पंधरा-सोळा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. आधी कॉलेज सुटतं, आंघोळ टळते, मित्र तुटतात. जेवणात काही घातलंय असा संशय येतो. टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय असं वाटतं. मग आवाज: दोघं-तिघं त्याच्यावर शेरे मारताहेत, त्याच्या प्रत्येक हालचालीचं वर्णन करताहेत, कधी हुकूम देताहेत. इथं जाणीव स्वच्छ असते. तो वार सांगतो, दुधाचा हिशोब करतो, म्हणून घरच्यांना वाटतं, सोंग करतोय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया आणि त्या जातीचे आजार शंभरात साधारण १.४ माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. म्हणजे हजार-बाराशे वस्तीच्या गावात अशी डझनभर घरं असू शकतात. आपल्याला त्यांतलं एखादंच ठाऊक असतं, कारण बाकीच्यांनी दार लावून घेतलेलं असतं.

यामागचं रसायन उमगलं त्यात आपल्या मातीतल्या एका वनस्पतीचा वाटा आहे, हे मला नेहमी अभिमानानं सांगावंसं वाटतं. सर्पगंधा. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेड आणि रक्तदाब यांवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष तिकडं वळलं. १९५२ साली तिच्या मुळांतून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं तेव्हा ससे निपचित झाले; मेंदूतलं डोपामिन रितं झालं होतं. डोपामिन बनवणारं द्रव्य टोचल्यावर ते पुन्हा हलू लागले. डोपामिन हे मेंदूतलं संदेशवाहक आहे हे या वाटेनं कळलं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. १९५२ मध्येच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधानं भास थांबतात हे दिसलं होतं. अशी औषधं डोपामिनची ग्रहणकेंद्रं अडवतात, हे पुढं स्पष्ट झालं. (सर्पगंधेची पूड मात्र कुणाच्या सांगण्यावरून घरी घेऊ नका. रक्तदाब कोसळतो, मन खचतं.)

डोपामिनचं एक काम म्हणजे ‘इकडं लक्ष दे, हे तुझ्याशी संबंधित आहे’ अशी जाणीव करून देणं. शितिज कपूर या मूळच्या भारतीय मानसोपचारतज्ज्ञानं २००३ साली मांडलं की हे रसायन अवेळी उसळू लागलं की क्षुल्लक गोष्टींना भलतं महत्त्व येतं. शेजाऱ्याचं खाकरणं, कुत्र्याचं भुंकणं, एसटीचा क्रमांक, सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटू लागतं. मेंदू मग त्याची संगती लावतो आणि संशयाची कथा तयार होते. स्वतःच्याच मनातलं बोलणं ‘माझं’ म्हणून ओळखता आलं नाही की ते दुसऱ्याचा आवाज होऊन कानावर पडतं. त्या आवाजाला शब्द कुठून मिळतात? आपल्या घरातून, गावातून. तान्या लुरमन या संशोधिकेनं २०१४ साली चेन्नई, अमेरिका आणि घाना इथल्या रुग्णांशी बोलून लिहिलं, तेव्हा चेन्नईतल्या बऱ्याच जणांना ऐकू येणारे आवाज नातेवाइकांचे होते. ते घरातली कामं सांगत, रागावत. म्हणून शाहूवाडीतल्या मुलाला चुलतीचा आवाज ऐकू आला, तर त्यावरून चुलतीनं करणी केली हे सिद्ध होत नाही. चुलती त्याच्या ओळखीची आहे, एवढंच त्यातून कळतं. या एका गैरसमजापायी किती भावकी तुटली असेल.

गांजाबद्दल एकच वाक्य: कोवळ्या वयात नेमानं ओढणाऱ्या मुलांत असे आजार जास्त दिसतात, घराण्यात आधी कुणाला असेल तर अधिकच.

अशा माणसाशी बोलायचं कसं? वाद घालू नका आणि होला हो पण म्हणू नका. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तू भ्यायलायस हे मला दिसतंय’ एवढं पुरतं. मग शांतपणे विचारा: तो आवाज काय म्हणतो? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट अडकलेला माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल, तर कोयता, विळा, दोर, फवारणीचे डबे त्याच दिवशी घराबाहेर हलवा, कुणीतरी कायम सोबत राहा आणि उजाडायची वाट न पाहता निघा. कुठं जायचं हे सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

मारणं, मिरच्यांची धुरी देणं, साखळीनं बांधणं हे उपचार नव्हेत, गुन्हे आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी अठरा वर्षांच्या आसपास झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर, २०१३ च्या डिसेंबरात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण त्यात स्पष्टपणे येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीत ठेवायला बंदी केली. त्यामागं तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथं आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण जळून गेले. ज्योतिबाला नवस बोलायला, कुलदैवताला जायला डॉक्टरांची हरकत नसते. घरच्यांना त्यातून धीर येतो, तो हवाच असतो. पण जाताना गोळ्यांची पुडी सोबत असू द्या आणि डोसाची वेळ चुकवू नका.

पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या, देवरुषानं दिलेल्या पुड्यासुद्धा. कागदावर लिहा: कधीपासून, काय दिसतं-ऐकू येतं, झोप किती, दारू-तंबाखू-गांजा किती, घराण्यात कुणाला होतं का. आधी कुणाकडं नेलं होतं तेही लपवू नका. औषध सुरू झाल्यावर झोप आणि चिडचिड लवकर सुधारते. आवाज विरायला काही आठवडे लागतात. आधी ते दूर जातात, पुटपुटण्यासारखे होतात, मग त्यांचा धाक कमी होतो. हात कापणं, अंग आखडणं, मान वाकडी होणं, एका जागी बसवेना होणं, वजन वाढणं हे औषधाचे त्रास असू शकतात. त्यासाठी दुसरं औषध किंवा वेगळं प्रमाण असतं. त्रास सांगायला परत जा, गोळ्या उकिरड्यावर टाकू नका. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद केलेलं औषध हे आजार उलटण्याचं फार मोठं कारण आहे. घरच्यांनाही आधार लागतो. त्यासाठी कॅनडात स्थायिक झालेले मराठी प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट घरच्यांनी एकदा एकत्र बसून पाहावा. आजारी भावाच्या बहिणीची ओढाताण त्यात फार खरी उतरली आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता पाण्याखाली गेला होता आणि मलकापूरची माणसं इकडंच अडकून पडली होती. आषाढात इथला पाऊस कधी रस्ता बंद करील ते सांगता येत नाही. म्हणून ज्येष्ठातल्या भेटीतच डॉक्टरांना सांगून निदान महिना-दीड महिन्याच्या गोळ्या जास्त लिहून घ्या. ओल लागणार नाही अशा डब्यात, पोरांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा, आणि त्यांचा ताबा रुग्णाकडं न देता घरातल्या एका जबाबदार माणसाकडं द्या. गोळ्यांऐवजी इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख पावसाच्या तोंडावर येते का ते आधीच पाहून ग्रामीण रुग्णालयात ते देण्याची सोय होईल का, हे विचारून ठेवा.